आमसुली पैठणी परत आली तेव्हा

नागपूरहून पार्सल परत आलं ते वहिनींनी उघडलंसुद्धा नाही. तसंच माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्हीच बघा."

आत आमसुली पैठणी होती. सोबत एका ओळीचा निरोप: फोटोत वाइन रंग होता, हातात चॉकलेटी आली.

येवल्यात मामांचे चार माग आहेत. दुकान मामेभाऊ सांभाळतो, मोबाईलवरून होणारी विक्री वहिनी बघतात आणि साड्यांचे फोटो मी काढतो. माझा मूळ धंदा लग्नांचा. लग्नाच्या अल्बममध्ये रंग थोडा इकडेतिकडे झाला तर नाशिकचा लॅबवाला सावरून घ्यायचा, आणि रंग जमला नाही म्हणून लग्न काही कुणी परत करत नाही. साडी मात्र परत येते. त्या वर्षातली ही पाचवी होती.

आम्ही साडी पलंगावर पसरली, शेजारी माझ्या मॉनिटरवर तिचा फोटो लावला. मला दोन्ही बऱ्यापैकी सारखे वाटले. वहिनींनी तोच फोटो त्यांच्या फोनवर उघडला तर तिथे साडी डाळिंबी. मामांच्या जुन्या फोनवर ती वांगी. मी नेहमीचं उत्तर दिलं, की प्रत्येकाचा फोन वेगळा, आपण काय करणार. वहिनी म्हणाल्या, "फोन कितीही असोत, पण साडी एकच आहे ना? मग तुम्ही रंग ठरवता तो कशावर बघून?"

मी मॉनिटरकडे बघितलं. बारा वर्षांपूर्वी अल्बमच्या कामासाठी घेतलेला साडेअठरा इंची. खुर्चीत ताठ बसलं की रंग एक, जरा घसरून बसलं की दुसरा. उभं राहून बघितलं तर काळा पदर राखाडी व्हायचा. मला हे माहीत होतं. म्हणून तर मी खुर्चीवर नेहमी एकच उशी ठेवायचो आणि ती कुणाला हलवू द्यायचो नाही. या उशीचा आणि परत आलेल्या साड्यांचा काही संबंध असेल, असं इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं.

तरी मॉनिटरवर खापर फोडायच्या आधी मला स्वतःच्या डोळ्यांची शंका आली, आणि तिला कारण होतं. त्याच वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सुटल्यावर घरी येऊन ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर "भिंतीला निळ कधी दिली रे?" भिंत तीच, चुन्याची, पांढरी. डॉक्टर म्हणाले, वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, निळा प्रकाश आत कमी येतो, आणि हे इतकं सावकाश होतं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. पिवळ्या चष्म्यातून बघतोय हे कळतच नाही. चष्मा निघाला की मग सगळं निळं. मी सत्तेचाळीस वर्षांचा. माझ्याही भिंगाचा थोडा तरी चहा झाला असणारच.

डॉक्टरांकडे ठिपक्यांची ती पानं होतीच. शिनोबू इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली सैन्यभरतीसाठी केलेली, ठिपक्यांत आकडे लपवलेली. मी सगळे आकडे वाचले. पण ही परीक्षा मुख्यतः लाल-हिरव्याची गफलत पकडते, बारीक छटांची नाही. त्यासाठी रंगीत टोपणं क्रमाने लावायची वेगळी परीक्षा असते. नाव तिचं शंभर छटांची, टोपणं पंच्याऐंशी. तिची संगणकावर खेळायची नक्कल मी घरी बसून केली. निळ्या-हिरव्या भागात माझी दाणादाण उडाली. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, तीच परीक्षा मामेभावाच्या नव्या फोनवर दिली आणि जवळजवळ सगळं बरोबर आलं. म्हणजे नापास झाला होता तो मॉनिटर. मी उगाच त्याची गुणपत्रिका स्वतःच्या नावावर घेऊन बसलो होतो.

मग वाचायला सुरुवात केली. मॉनिटरच्या जाहिराती वाचणं हे पत्रिका वाचण्यासारखं आहे. आकडे भरपूर, आणि ज्याला जो अर्थ हवा तो निघतो. प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं, १ कोटी ६७ लाख रंग. माझ्या जुन्या साडेअठरा इंचीच्या खोक्यावरही तेच होतं! हा आकडा येतो लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांच्या गुणाकारातून. पण जिन्याला पायऱ्या किती ही एक गोष्ट आणि जिना चढतो किती उंच ही दुसरी. स्वस्त पडद्याच्या जिन्याला पायऱ्या तेवढ्याच असतात, फक्त तो पहिल्या मजल्यावरच संपतो. माझा तर पायऱ्यांतही लबाडी करणारा निघाला. टीएन जातीचे बरेचसे स्वस्त पडदे प्रत्येक रंगाला ६४ च पायऱ्या दाखवतात आणि मधल्या पायऱ्या दोन छटा भराभर आलटून पालटून भासवतात.

उंची, म्हणजे पडदा किती भडक रंगापर्यंत पोचतो, ती मोजायच्या पट्ट्या वेगळ्या. एसआरजीबी ही १९९६ ची, ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेली. इंटरनेटवरचे फोटो आजही मुख्यतः याच मापाचे. अडोबी आरजीबी १९९८ ची, तिच्याहून मोठी, विशेषतः हिरव्या-निळ्या अंगाला. आणि काही खोक्यांवर अजूनही एनटीएससी असतं, म्हणजे १९५३ च्या अमेरिकन टीव्हीचं माप! 'एनटीएससी ४५ टक्के' असं लिहिलेला लॅपटॉप दिसला की आता मी दुकानात थांबतच नाही. ७२ टक्के म्हणजे साधारण एक अख्खं एसआरजीबी, हे ध्यानात ठेवलं की पुरे.

हे सगळं मी एकदा मामांना समजावून सांगत होतो. मामा मागावर बसूनच ऐकत होते. म्हणाले, "तुझ्या त्या पट्टीत मोरपंखी बसतो का?"

प्रश्न वर्मी लागला. पैठणीचे रंग हे पडदेवाल्यांच्या मुळावर आलेले रंग आहेत. मोरपंखी नेमका त्या हिरव्या-निळ्या कोपऱ्यात, जिथे एसआरजीबीचं कुंपण सगळ्यात आत आहे. राणी रंग दुसऱ्या टोकाला कुंपणाबाहेर उडी मारतो; फोटोत त्याचा लाल भाग तटकन वर जाऊन चिकटतो आणि विणीचे धागेच गायब होतात, नुसता गुलाबी ठोकळा उरतो. आमसुली वेगळ्याच कारणाने अवघड. मामांच्या आमसुलीत उभा ताणा लाल आणि आडवा बाणा काळपट हिरवा. एका बाजूने लाल धागा चमकतो, दुसऱ्या बाजूने हिरवा पुढे येतो. घडी हलली की रंग हलला. धूपछाँव म्हणतात ते हेच. अशा साडीचा खरा रंग कोणता, हे मॉनिटरला विचारण्याआधी आम्हालाच ठरवायला हवं होतं. शेवटी ठरलं की सकाळी दहाला दुकानाच्या दारात, ऊन थेट अंगावर न घेता, साडी पदराच्या बाजूने धरून वहिनींना जो दिसतो तो. असा नियम करायला मला लाज वाटत होती, पण कुठेतरी खुंटी मारल्याशिवाय दोरी ताणता येत नाही.

२०१५ मध्ये जगभर एका पोशाखाच्या फोटोवरून भांडणं झाली होती, कुणाला तो निळा-काळा दिसायचा, कुणाला पांढरा-सोनेरी. आमच्या दुकानात तसली भांडणं रोज होतात. त्याची बातमी होत नाही एवढंच.

खरेदीला मुंबईला जायचं ठरवलं. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे मलाही कळतं, पण रंगावर फसलेल्या माणसाने पुन्हा फोटो बघूनच मॉनिटर मागवायचा म्हणजे कहर झाला. पहाटे मनमाडला जाऊन पंचवटी पकडली, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात चालत गेलो. पिशवीत लॅपटॉप, एक केबल, आमसुली साडी आणि मोरपंखी, राणी, आमसुली अशा तीन रेशमाच्या लडी. पेनड्राइव्हमध्ये राखाडी पट्ट्या, एक कोरं पांढरं पान, एक पूर्ण काळं पान आणि साड्यांचे फोटो, प्रत्येक फोटो एसआरजीबी या छोट्या आणि अडोबी आरजीबी या मोठ्या, अशा दोन्ही मापांत साठवलेला.

पहिल्या दुकानात भिंतभर पडदे आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत: समुद्राच्या तळाचे मासे. प्रत्येक मासा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा पेटलेला. "साहेब, कलर बघा काय मारतो!" विक्रेता म्हणाला. मी म्हटलं, "मला न मारणारा पाहिजे." त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

दुसऱ्या दुकानातला माणूस निवांत होता. मी पिशवीतून पैठणी काढली तेव्हा आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, मग कुतूहल वाढलं. त्याने टेबल रिकामं करून दिलं. पहिल्याच मॉनिटरला लॅपटॉप जोडला तर काळं पान राखाडी, सगळ्यावर धुकं पसरल्यासारखं. तो म्हणाला, पॅनलच तसा आहे. मी दुसरा बघायला वळणार, तेवढ्यात दुकानातला विशीतला पोरगा पुढे आला, मेनूत शिरला, एक खूण बदलली आणि धुकं गेलं. मला म्हणाला, "काका, एचडीएमआय केबलवर लॅपटॉपला वाटतं समोर टीव्ही आहे. मग तो शून्य ते दोनशे पंचावन्नच्या ऐवजी सोळा ते दोनशे पस्तीसच पाठवतो. दोन्हीकडे फुल करायचं." किती लोकांनी या एका खुणेपायी चांगले मॉनिटर परत केले असतील!

मग तासभर आम्ही तिघं एकेक पडदा तपासत बसलो. आधी प्रत्येकाचा भडक मोड काढून एसआरजीबी मोड लावला. एकदोघांनी तो मोड लावताच उजेडाचं बटण बंद करून टाकलं. मोड हवा तर उजेडही कंपनी ठरवेल तोच. ते बाद. गोल वळणाच्या, व्हीए जातीच्या पडद्यांचा काळा खरोखर खोल होता, एका नजरेत प्रेमात पडावं असा, पण मान जरा हलवली की काठाच्या सावलीतला तपशील बदलायचा. माझ्या उशीची आठवण आली. खेळांसाठीचे, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे, पोरगा फार कौतुकाने दाखवत होता. साडी काही पळत नाही, म्हटलं. आयपीएस जातीचे पडदे बाजूने बघितले तरी रंग धरून राहत होते. अर्थात काळं पान लावून दिवे मालवले की त्यांचे कोपरे उजळ दिसायचे, एकाचा तर खालचा कोपरा चक्क पिवळा होता. पांढऱ्या पानावर हात फिरवावा तशी नजर कडेकडेने फिरवली की हे कळतं. राखाडी पट्ट्यांची परीक्षा मात्र सगळ्यात कडक. राखाडीत रंग नसतोच, त्यामुळे चोर लपायला जागा नाही. एका चांगल्या नावाच्या मॉनिटरवर मधल्या तीन पट्ट्या गुलाबी झाक मारत होत्या. आमसुली साडीला ती झाक म्हणजे थेट नागपूरहून परतीचं तिकीट.

आणि मग त्या निवांत माणसाने आतून एक सत्तावीस इंची काढला. फोटोवाल्यांसाठीचा, अडोबी आरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणारा. आधी लॅपटॉपमधल्या साध्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साडी उघडली तर राणी काठ अंगावर आला. पडदा मोठ्या मापाचा, प्रोग्रॅमला मापाची जाणीव नाही, त्यामुळे छोट्या मापाचे आकडे ताणून मोठे झालेले. माप ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोठ्या मापातला फोटो उघडला आणि शेजारी रेशमाची लड धरली.

मोरपंखी. जशीच्या तशी. बारा वर्षांत माझ्या कुठल्याही पडद्यावर न दिसलेली. मी काही वेळ काही बोललोच नाही. पोरगाही म्हणाला, "हां, हा सेम आहे."

किंमत साठ हजारांच्या आसपास. चहा आला. चहा पिता पिता मी तोच फोटो छोट्या मापात उघडला. मोरपंखी पुन्हा मवाळ झाली, मोराचं पीस धुवून वाळत घातल्यासारखी. आणि तिथे माझा निर्णय झाला. नागपूरच्या ताई काही या पडद्यावर साडी बघणार नव्हत्या. त्या फोनवर बघणार, फोटो त्यांच्यापर्यंत पोचणार तो छोट्या मापात. हा सत्तावीस इंची घेतला तर मी रोज असा रंग बघत बसणार जो गिऱ्हाइकाला कधी दिसणारच नाही, आणि पुन्हा साडी परत आली की म्हणणार, माझ्याकडे तर बरोबर दिसतो. मला मोठा पडदा नको होता, छोट्या मापात इमानदार असलेला हवा होता. छापील कॅटलॉगचं किंवा प्रदर्शनातल्या मोठ्या छपाईचं काम करणाऱ्याने तो सत्तावीस इंची जरूर घ्यावा. मी मात्र त्याच्याकडे शेवटचं एकदा बघून चोवीस इंची घेतला: आयपीएस, १९२० बाय १२०० ठिपक्यांचा, पूर्ण एसआरजीबी, चकाकी नसलेला, मान वरखाली होणारा. वीस-बावीस हजार. उरलेल्या पैशांतून मापयंत्र घेतलं.

या मापयंत्राने घरात वादळ उठलं. मुठीएवढं काळं डबडं, पडद्याला पोटावर चिकटवायचं, आणि किंमत मॉनिटरच्या जवळपास. मामेभाऊ म्हणाला, "एवढ्यात दुसरा मॉनिटर आला असता की." मामांनी मात्र माझी बाजू घेतली. "तराजू घेतला तर वजनंही घ्यावी लागतात," म्हणाले. आमच्याकडे जरीचं वजन करतात, त्यामुळे हे त्यांना लगेच पटलं.

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवला, मग डबडं चिकटवलं. ते एकेक रंगीत चौकोन बघत जातं आणि मागितलेला रंग आणि दिसलेला रंग यातला फरक लिहून ठेवतं. मी मागितलं ते असं: पांढरा दिवसाच्या उजेडासारखा, म्हणजे ६५०० केल्विनचा; काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण, म्हणजे गॅमा, २.२; उजेड चौरस मीटरला १०० कँडेला. फ्लोरियन होख यांचा डिस्प्लेकॅल हा फुकटचा प्रोग्रॅम वापरला. तो ग्रेम गिल यांच्या आर्गिल या हत्यारांवर चालतो. शेवटी सरासरी फरक, ज्याला डेल्टा ई म्हणतात, दोनच्या आत आला. साधारण एवढा फरक शेजारी-शेजारी ठेवूनही सहज डोळ्यात भरत नाही. मग हौसेने जुन्या साडेअठरा इंचीलाही डबडं लावून बघितलं. त्याचा उजेड मी मागत होतो त्याच्या दुप्पट निघाला, पांढरा चांगलाच निळा. म्हणजे बारा वर्षं मी लखलखत्या निळ्या पडद्यावर बघून फोटो गडद आणि लालसर करत बसलो होतो! आमसुली वाइन कशी झाली ते कळलं. जुन्याची दुरुस्ती मात्र झाली नाही. डबडं मधोमध मापतं, आणि तो पडदा वर एक बोलतो, खाली एक.

नवा पडदा लावून कामाला बसलो तर सगळं पिवळं आणि मलूल. पहिल्या दिवशी वाटलं डबडं बिघडलेलं आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं आपण बावीस हजारांना फसलो. वहिनी येऊन म्हणाल्या, "दिवा लावू का? अंधार वाटतोय." तिसऱ्या दिवशीही मी गुपचूप मेनूत जाऊन निळा वाढवला आणि पुन्हा कमी केला. चौथ्या दिवशी सकाळी काही जाणवलं नाही, पांढरं पांढरंच दिसत होतं. मग सहज जुना मॉनिटर चालू केला. निळ घातलेली बादली! आईला भिंत कशी दिसली असेल ते तेव्हा कळलं.

खोलीचीही दुरुस्ती करावी लागली, आणि ती सगळ्यात स्वस्त पडली. स्टुडिओच्या भिंती अबोली होत्या, नवरीच्या चेहऱ्याला बऱ्या म्हणून. पडद्यामागची भिंत फिकट राखाडी केली, टेबलावरच्या लाल प्लॅस्टिकचा निकाल लावला. कारण डोळा एकटा रंग कधी बघत नाही, शेजारी धरून बघतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रं धाग्यांत विणत, तिथे मिशेल शेव्हरल हा रसायनतज्ज्ञ १८२४ साली रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार होती की काळी लोकर फिकी पडते. त्याने ती तपासली तर रंग पक्का. दोष होता शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. हे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामांनी मान हलवली. "चंद्रकळेला लाल काठ उगाच लावतात का? फ्रेंचाला विचारायला कशाला जायला पाहिजे?"

आता फोटो. चोवीस रंगांच्या चौकोनांची पाटी साडीसोबत एकदा टिपायची, मग संगणकाला कळतं त्या उजेडात कुठला रंग कुठे सरकलाय. दारातल्या उजेडात आमसुली पुन्हा टिपली, इमानदार पडद्यावर बघून दुरुस्त केली. वहिनींनी साडी हातात धरून शेजारी उभं राहून बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "ही आपली आमसुली." वाइन नाही, डाळिंबी नाही. ओल्या आमसुलाचा, काळपट जांभळट लाल. मी खूश.

संध्याकाळी दिवे लागले. साडी पलंगावरच पडली होती. वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, इकडे या." एलईडीच्या खाली पलंगावर चॉकलेटी साडी पडलेली होती.

आम्ही ती उचलून दारात नेली. रस्त्यावर अजून संधिप्रकाश होता, तिथे आमसुली. आत आणली, चॉकलेटी. चार वेळा आतबाहेर केलं. साध्या एलईडी दिव्यांच्या उजेडात गडद लाल तोकडा असतो. खोक्यावर रंगदर्शनाचा जो ८० चा आकडा छापतात, तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो. गडद लालची चाचणी नववी, ती त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे आमसुलीतला लाल ताणा अशा दिव्याखाली निम्मा विझतो आणि हिरवा बाणा वर येतो. नागपूरच्या ताईंनी पार्सल रात्री हॉलमध्ये उघडलं असणार. माझा फोटो लाल होता हे खरं, पण त्यांनी चॉकलेटी म्हटलं तेही तितकंच खरं होतं. आणि याला बावीस हजारांचा मॉनिटर, साठ हजारांचा मॉनिटर, काळं डबडं, कशाचाही इलाज नव्हता.

वहिनींनी इलाज काढला. आता धूपछाँवच्या प्रत्येक साडीचे दोन फोटो जातात. एक दारातला, खाली लिहिलेलं 'सकाळी दहा', एक पलंगावरचा, 'रात्री दिव्याखाली'. दुसऱ्या फोटोचा रंग मी सुधारत नाही. तसं न करणं मला सुरुवातीला फार जड गेलं. त्यानंतर वर्षभरात रंगावरून एकच साडी परत आली, तीही राणी रंगाची, आणि राणीपुढे मी हात टेकलेलेच आहेत.

गिऱ्हाइकाचा अगदीच निश्चय होत नसेल तर वहिनी पाकिटात घालून रेशमाचा वीतभर धागा पाठवतात. पोस्टाचा खर्च आमचा. मला ही कल्पना फार आवडली होती. पडदा नको, फोन नको, दिवा ज्याचा त्याचा.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका ताईंना मोरपंखी धागा पाठवला. पाकीट पोचल्याच्या संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. ताईंनी तो धागा लाल चादरीवर ठेवून, पिवळ्या दिव्याखाली, फोनने फोटो काढला होता आणि खाली विचारलं होतं: हाच ना रंग?

फोटोत धागा शेवाळी होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. मग त्यांनी लिहिलं, "ताई, सकाळी दहा वाजता दारात नेऊन बघा."